पुराच्या दिवसांत फोनला काय विचारावं?

“फोनला विचारलं तर तो पुराचं सांगतो का हो?” सांगली-कोल्हापूरकडे जुलै उजाडला, की हा प्रश्न हमखास निघतो. आणि तो रास्तच आहे. २०१८ पासून गूगल असिस्टंटला मराठी कळतं. ज्यांना टाइप करणं जमत नाही, चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाही किंवा लिहिता-वाचताच येत नाही, अशी माणसंही आता फोनशी बोलून हवामान विचारतात, लेकीला फोन लावून घेतात. मग नदीचं पाणी चढत असताना हाच फोन उपयोगी पडेल का?

पडेल, पण त्याचा सर्वांत जास्त उपयोग पाणी दारात येण्याआधी होतो. ऐन पुरात जे प्रश्न त्याला विचारावेसे वाटतात, त्यांतल्या बहुतेकांची उत्तरं आधीच मिळवून, तपासून, कागदावर उतरवून ठेवलेली असायला हवीत. असं का, ते एकेक पायरी चढत समजून घेऊ.

१. फोन ऐकतो तेव्हा काय घडतं?

आपण बोलतो आणि फोन उत्तर देतो. या दोन-तीन सेकंदांत पाच कामं होतात. पहिलं, ‘ओके गूगल’सारखी हाक फोन स्वतःच ओळखतो. दुसरं, त्यानंतरचं आपलं बोलणं बहुतेक वेळा इंटरनेटवरून कंपनीच्या दूरवरच्या संगणकांकडे जातं आणि तिथे त्याचं लिखित वाक्य होतं. तिसरं, त्या वाक्यातून नेमकं काय हवंय ते ओळखलं जातं : कोणतं गाव, कोणती गोष्ट, कधीची. चौथं, उत्तर शोधलं जातं. पाचवं, त्या उत्तराचा आवाज तयार होऊन आपल्यापर्यंत येतो.

यातल्या मधल्या तीन पायऱ्या सहसा इंटरनेटवर उभ्या असतात. बॅटरी पेटवणं, गजर लावणं अशी किरकोळ कामं बऱ्याच फोनना नेटशिवायही जमतात, पण “पाणी किती चढलं?” याचं ताजं उत्तर फोनच्या पोटात नसतं. ते बाहेरूनच यावं लागतं.

आणि नेमकी हीच वाट पुरात तुटते. वीज गेली की मोबाइल टॉवर काही काळ बॅटरीवर आणि मग डिझेलच्या जनरेटरवर चालतो. रस्ते पाण्याखाली गेले की डिझेल पोहोचत नाही. जमिनीखालच्या केबल तुटतात. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं, बाजारपेठ बुडाली, आणि विजेबरोबर मोबाइल सेवाही कोलमडली. घरातल्या टेबलावरच्या स्मार्ट स्पीकरची अवस्था तर आणखी नाजूक. त्याला भिंतीतली वीज लागते आणि वायफायही लागतं. पाणी शिरू लागलं की शॉक लागून जीव जाऊ नयेत म्हणून महावितरण स्वतःच त्या भागाची वीज बंद करतं. म्हणजे पूर घरात येण्याआधीच स्पीकर मुका झालेला असतो.

पहिली गोष्ट त्यामुळे अशी लक्षात ठेवायची : व्हॉइस असिस्टंट हे नेट असेपर्यंतचं साधन आहे.

२. उत्तर कुणाचं असतं?

पूर्वी गावात कोतवाल हलगी वाजवत दवंडी द्यायचा. चावडीवरून जे सांगितलं गेलं, तेच तो पेठेत सांगायचा. निरोप चावडीचा, आवाज कोतवालाचा. असिस्टंटचंही तसंच आहे. पाऊस तो मोजत नाही, नदी तो पाहत नाही. हवामानाचा इशारा भारतीय हवामान विभागाचा, धरणातल्या विसर्गाचा आकडा जलसंपदा विभागाचा, गाव सोडायचा आदेश जिल्हा प्रशासनाचा. असिस्टंट फक्त कुणाचा तरी निरोप आपल्या कानावर घालतो.

पण कोतवालाला निरोप कुणी दिला हे गावाला ठाऊक असे. असिस्टंटच्या बाबतीत ते आपल्याला विचारून घ्यावं लागतं. नव्या, गप्पा मारू शकणाऱ्या असिस्टंटबद्दल तर जास्तच जपायला हवं. ते अफाट मजकुरावरून वाक्यं रचायला शिकलेले असतात. ताजी माहिती हाताशी नसली तरी ते सफाईदार, ठाम वाक्य तयार करू शकतात. आवाजात चाचपडणं नसतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला शंका येत नाही. मागच्या वर्षीची पातळी आजची म्हणून सांगितली गेली, तरी आवाज तितकाच शांत असतो.

म्हणून प्रत्येक उत्तराला तीन उपप्रश्न जोडायचे : ही माहिती कुणाची? किती वाजताची? कोणत्या ठिकाणची? या तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत, तर ते ऐकीव समजायचं आणि जिल्हा नियंत्रण कक्षाकडून खात्री करून घ्यायची. “धरण फुटलं” ही अफवा तर दर मोठ्या पावसात कुठे ना कुठे उठते. तिच्यावर धावपळ करण्याआधी हे तीन प्रश्न विचारायलाच हवेत.

ठिकाण सांगताना नीट सांगावं. “वडगावला पाऊस पडेल का?” असं विचारलं तर असिस्टंटने कोणतं वडगाव धरायचं? मावळात वडगाव आहे, पुण्यात वडगाव बुद्रुक आहे, हातकणंगले तालुक्यात पेठ वडगाव आहे. “कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातल्या पेठ वडगावला उद्या पावसाचा कोणता इशारा आहे, आणि तो कुणी दिला आहे?” असं विचारलं की चुकायला जागा कमी राहते. गाव, तालुका, जिल्हा, दिवस आणि स्रोत असे पाच तपशील एका दमात सांगायची सवय लावून घ्यावी.

३. आकडे कळले, तरच उत्तर कळतं

समजा उत्तर बरोबर आलं. पण ते कळलं का? पुराच्या बातम्यांत तीन मापं सतत येतात.

पहिलं, फूट. सांगलीत लोक विचारतात, “आयर्विनला किती?” कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. कोल्हापुरात पंचगंगेसाठी राजाराम बंधाऱ्याशी ३९ आणि ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं.

इथे एक छोटं गणित करून पाहू. सकाळी ६ वाजता आयर्विनला ३६ फूट पाणी आहे. नुसत्या या उत्तरावरून काही ठरवता येत नाही. दुपारी १२ वाजता पुन्हा विचारलं, उत्तर आलं ३८ फूट. सहा तासांत दोन फूट, म्हणजे तासाला चार इंच. हाच वेग राहिला तर ४० फूट व्हायला आणखी सहा तास, संध्याकाळचे ६. पण वर पाऊस वाढला किंवा धरणाचा विसर्ग वाढला, तर वेगही वाढतो. म्हणून हाती सहा तास दिसत असले, तरी तीनच धरून हालचाल करावी. एका उत्तरातून पातळी कळते, दोन उत्तरांतून वेग कळतो, आणि जीव वाचवायला वेग कळणं जास्त गरजेचं असतं. प्रत्येक उत्तर वेळेसकट भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. नेट गेलं तरी तो कागद राहतो.

दुसरं माप, क्यूसेक. एका सेकंदाला एक घनफूट पाणी म्हणजे एक क्यूसेक, साधारण २८ लिटर. “कोयनेतून ४० हजार क्यूसेक विसर्ग” म्हणजे दर सेकंदाला सुमारे ११ लाख लिटर. हा विसर्ग पूर्ण दिवसभर चालला, तर साडेतीन टीएमसीच्या आसपास पाणी बाहेर पडतं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. कोयना धरणाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी. म्हणजे एवढा मोठा विसर्ग दिवसभर करूनही धरणाचा जेमतेम तिसावा भाग रिकामा होतो. भरलेलं धरण एका रात्रीत खाली करता येत नाही, हे यावरून कळतं. म्हणूनच विसर्गाची सूचना आली की “बघू उद्या” म्हणायचं नसतं.

तिसरं, मिलिमीटर. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हवामान विभागाच्या मोजणीत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’ पाऊस धरतात. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर २०४ मिलिमीटर पाऊस पडला, तर एका दिवसात जवळपास १९ हजार लिटर पाणी जमतं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच गच्चीवर तो सुमारे ८८ हजार लिटर होतो.

रंगांचा अर्थही पाठ असावा. हिरवा : इशारा नाही. पिवळा : लक्ष ठेवा. नारिंगी : तयार राहा. लाल : कृती करा. “रेड अलर्ट आहे” एवढं सांगून असिस्टंट गप्प बसेल. त्यापुढे काय करायचं, ते घरात आधी ठरलेलं असायला हवं.

४. मे महिन्यातला एक तास

असिस्टंटचा खरा उपयोग इथे आहे. नेट धड चालू आहे, वीज आहे, मन शांत आहे, अशा वेळी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावं आणि फोनला एकेक प्रश्न विचारत कागद तयार करावा.

पुराच्या वेळी घर सोडताना कोणत्या वस्तू बरोबर घ्याव्यात? उत्तरातून आपल्या घराची यादी करा : पिण्याचं पाणी, सुका खाऊ, रोजची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी, टॉर्च, चार्ज केलेली पॉवर बँक, बॅटरीवर चालणारा रेडिओ, शिट्टी, थोडी रोख रक्कम, आधार-रेशनकार्ड-सातबारा-बँकेची कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत. घरात तान्हं मूल असेल, कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, दावणीला जनावरं असतील, तर तेही प्रश्नात सांगा. उत्तर त्याप्रमाणे बदलतं.

घरात पाणी शिरण्याआधी काय बंद करायचं? मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर. पाण्यात उभं राहून मेन स्विचला हात लावायचा नाही, हे कागदावर ठळक लिहा.

जुलाब सुरू झाले तर? एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा म्हणजे चहाचा. ऐकताना ‘अर्धा’ शब्द निसटला, तर मीठ दुप्पट पडतं आणि लहान मुलाला अपाय होतो. म्हणून अशी प्रमाणं ऐकून सोडून देऊ नयेत. पुन्हा ऐकावीत, लिहून घ्यावीत आणि आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून पक्की करावीत.

साप चावला तर? पुरात बिळं बुडतात आणि साप घरात, गोठ्यात, छपरावर येतात. जखम कापायची नाही, चोखायची नाही, घट्ट दोरी आवळायची नाही. चावलेला अवयव हलू द्यायचा नाही, माणसाला धीर द्यायचा आणि प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात तातडीने न्यायचं. असं रुग्णालय आपल्याला सर्वांत जवळ कुठे आहे, ते आजच चौकशी करून कागदावर मांडा.

ज्यांना दिसत नाही किंवा वाचता येत नाही, त्यांच्यासाठी याच बैठकीत फोनही तयार करून द्या. असिस्टंटची भाषा मराठी करा. संपर्कांची नावं उच्चाराला सोपी ठेवा : ‘थोरला मुलगा’, ‘शेजारच्या काकू’, ‘सरपंच’. “शेजारच्या काकूंना फोन लाव” हे वाक्य आजींकडून स्वतः म्हणवून घ्या. त्यांच्या उच्चाराने फोन लागला, तरच तयारी झाली असं समजा. औषधाची वेळ, पॉवर बँक दर आठवड्याला चार्ज करायची आठवण, पिण्याचं पाणी बदलायची आठवण, हीसुद्धा असिस्टंटला सांगून लावून ठेवता येते.

आणि नदीकाठच्या जुन्या माणसांना विचारायला विसरू नका. आयर्विनला किती फूट झाले की आपल्या गल्लीच्या तोंडाला पाणी लागतं, कोणता रस्ता आधी बंद होतो, हे त्यांना पाठ असतं. असिस्टंटकडे ही माहिती क्वचितच असते. कागदावर ती सगळ्यात वर लिहावी.

५. न विचारता येणारा इशारा

असिस्टंटची एक मोठी मर्यादा आहे : आपण विचारलं, तर तो सांगतो. रात्री दोनला सगळं घर झोपलेलं असताना कोण विचारणार?

त्यासाठी वेगळी सोय आहे. तिला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. साधा एसएमएस एकेका नंबरला पाठवावा लागतो, आणि लाखो लोकांना पाठवताना वेळ जातो. सेल ब्रॉडकास्टमध्ये ठरावीक भागातले टॉवर एकच संदेश एकाच वेळी सोडतात. टॉवरच्या आवाक्यातल्या, ही सोय असलेल्या सगळ्या फोनवर तो मोठ्या आवाजासह झळकतो. त्याला इंटरनेट लागत नाही, फक्त नेटवर्क लागतं. २०२३ मध्ये देशभरात त्याच्या चाचण्या झाल्या, तेव्हा अचानक वाजलेला फोन अनेकांना आठवत असेल. सेटिंगमध्ये आपत्कालीन इशारे चालू आहेत ना, ते पाहून घ्या. काही फोनमध्ये हा संदेश मोठ्याने वाचून दाखवायचा पर्याय असतो. आजी-आजोबांच्या फोनवर तो चालू करून द्या.

याच्या जोडीला राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ ॲप आहे. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने तयार केलेलं ‘दामिनी’ ॲप आहे. शेतात काम करणाऱ्यांच्या फोनमध्ये तर दामिनी असावंच.

काही संकटांचा इशारा मात्र फोनआधी जमीनच देते. ३० जुलै २०१४ ला माळीण, २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गेली. डोंगराच्या कुशीतल्या गावांत उतारावर नव्या भेगा दिसल्या, झाडं-खांब कलले, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर असिस्टंटला विचारत बसू नये. वस्ती सोडावी आणि मग प्रशासनाला कळवावं.

६. प्रत्यक्ष संकटात

आता पाणी आलंच आहे. इथून पुढे असिस्टंटचं काम थोडं आणि आपल्या हाताचं जास्त.

मदत हवी असेल तर ११२ हा नंबर स्वतः दाबावा. असिस्टंटला सांगूनही फोन लागतो, पण पावसाच्या आवाजात तो चुकीचं ऐकू शकतो आणि नेट नसेल तर ऐकणारही नाही. ११२ ला इंटरनेट लागत नाही. आपल्या कंपनीचं नेटवर्क नसेल, तर फोन दुसऱ्या उपलब्ध नेटवर्कवरून हा कॉल लावायचा प्रयत्न करतो. फोन लॉक असतानाही तो लावता येतो. रुग्णवाहिकेसाठी १०८. जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७. मोबाइलवरून १०७७ लावताना जिल्ह्याचा एसटीडी कोड आधी लावावा लागू शकतो, म्हणून कक्षाचा पूर्ण नंबर कागदावर असू द्या. स्मार्ट स्पीकर ११२ ला फोन लावून देईल, या भरवशावर तर अजिबात राहू नये.

फोन लागला की आधी ठिकाण सांगा, कारण बोलणं कधीही तुटू शकतं. “मौजे अमुक, तालुका अमुक, मारुती मंदिरामागे, दुमजली पिवळं घर. गच्चीवर सहा जण आहोत, एक गरोदर आहे, पाणी पहिल्या मजल्याच्या खिडकीला लागलंय.” एवढं पंधरा सेकंदांत सांगून होतं. कॉल लागत नसेल तर हाच मजकूर नातेवाइकांना एसएमएसने पाठवा. कमकुवत नेटवर्कवर कॉल जात नाही, पण एसएमएस बऱ्याचदा जातो. हात ओले असतील, थरथरत असतील आणि नेट असेल, तर असिस्टंटला बोलून संदेश लिहून घ्या. पाठवण्याआधी तो एकदा वाचून दाखवायला सांगा.

बॅटरी जपा. सतत हाक ऐकणारा असिस्टंट, लोकेशन, ब्लूटूथ बंद करा. बॅटरी सेव्हर चालू करा, स्क्रीनचा उजेड कमी करा. घरात चार फोन असतील तर एकच चालू ठेवा. बातम्यांसाठी आकाशवाणी लावा.

आणि बाहेर पडायची वेळ फोनच्या उत्तरावर ठरवू नका. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना सुरक्षित जागी नेणारी नाव उलटली आणि अनेकांचे जीव गेले. नावेत बसायची वेळच येऊ नये, यासाठी रस्ता उघडा असतानाच पायी किंवा गाडीने निघणं हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. प्रशासनाने निघा म्हटलं की निघायचं. त्यांनी म्हणण्याआधीही आपल्या गल्लीचा फूट जवळ आला, तर निघायचं.

७. तालीम

हे सगळं वाचून कळतं, पण अंगवळणी पडायला तालीम लागते. पावसाळा सुरू व्हायच्या आत एका संध्याकाळी घरातला वायफाय आणि सगळ्या फोनचा डेटा बंद करा. मग घरातल्या प्रत्येकाला पाच प्रश्न विचारा : मदतीसाठी कोणता नंबर? मेन स्विच कुठे? पिशवी कुठे? कोणत्या वाटेने, कुठे जायचं? चुकामूक झाली तर कुठे भेटायचं?

एखाद्याने उत्तरासाठी फोनकडे पाहिलं, तर ते उत्तर अजून कागदावर आणि डोक्यात आलेलं नाही असं समजा. डेटा चालू करा, असिस्टंटला विचारा, तपासा, लिहा, आणि पुढच्या आठवड्यात तालीम पुन्हा घ्या. पाचही उत्तरं घरातल्या सर्वांत लहान मुलाला आणि सर्वांत थोरल्या माणसाला फोनशिवाय सांगता आली, की तुमचं घर पावसाळ्यासाठी तयार झालं.